ऑगस्टमधला रिकामा तास

ब्लॅकबेरी पिकल्या की मला सुट्टी लागते. शाळा सुटून तीस-पस्तीस वर्षं झाली, केस रंगवण्याचाही आता कंटाळा येतो, तरी जुलै संपत आला की मनात ते जुनं सुट्टीचं काहीतरी हलायला लागतं. परवा सिॲटलजवळच्या बॉथेलमध्ये, आमच्या नदीकाठच्या ट्रेलवर यंदाचा पहिला काळा घोस दिसला. एक फळ तोडून तोंडात टाकलं तर आंबटढाण. तरी दुसरं तोडलंच. पहिल्या दिवशीचा आंबटपणा मनावर घ्यायचा नसतो.

ही सुट्टी माझ्या कामातूनच आलेली आहे. मी मनोविश्लेषक आहे. माणसं माझ्या खोलीत येतात, कोचावर आडवी होतात आणि मनात येईल ते बोलतात. मी त्यांच्या उशामागे खुर्चीत बसून ऐकते. आठवड्यातून तीन-चारदा, वर्षानुवर्षं. या कामात ऑगस्टमध्ये दुकान बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. का, ते कुणी धड सांगत नाही. आधीचे करत होते म्हणून आम्ही करतो, सासरच्या कुळाचारासारखं. मग येणारी माणसं रुसतात. कुणी कसं रुसतं, ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्या खोलीतलं त्या खोलीतच राहतं. पण माझ्या स्वतःच्या रुसण्याबद्दल लिहायला हरकत नाही. तशा कोचावर मीही पडलेली आहे.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा तो ऑगस्ट. तेव्हा मी बेलव्ह्यूच्या एका ऑफिसात टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. त्याआधीच्या पावसाळी ऑक्टोबरात एक दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि उतरावंसंच वाटेना. रडू येत नव्हतं, काही दुखत नव्हतं. तासभर स्टिअरिंग धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच झाल्यावर डॉक्टरांना सांगितलं, आणि त्यांनी दिलेल्या पत्त्यावर एका सत्तरीच्या अमेरिकन बाईंकडे जाऊन पोचले. आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेसात.

त्या बाईंना हाक काय मारायची, इथपासून माझी तयारी. त्या म्हणाल्या, माझ्या नावाने बोलवा. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने कशी बोलावणार? मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागले आणि तोंडाने हाक मारणं शिताफीने टाळत राहिले. पहिल्या दिवशी दाराबाहेर चपला काढल्या. कोचावर पडताना जीव नुसता गोळा झाला. मोठ्या माणसासमोर असं लोळायचं? पण त्या उशामागे बसत होत्या, म्हणजे पाय तरी त्यांच्याकडे होत नव्हते, हे लक्षात आल्यावर थोडं बरं वाटलं. दिवाळीत मी चकल्यांचा डबा नेला. रिकाम्या हाताने कसं जायचं?

"हे आणताना तुमच्या मनात काय होतं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"चकल्या," मी म्हटलं.

आज मला त्या प्रश्नाचं हसू येतं, कारण तोच प्रश्न मी आता दुसऱ्यांना विचारते. तेव्हा मात्र मी चिडले होते. बऱ्याच दिवसांनी कळलं की चकल्या देऊन मला बाईंचं तोंड गोड करायचं होतं, म्हणजे मग मी जे काही कडू बोलेन त्याचा त्यांना राग येणार नाही. आपण मराठी माणसं किती गोष्टी डब्यात घालून नेतो, याचा हिशेबच नाही.

पुढच्या जूनमध्ये माझ्या सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना मी आई म्हणते. एकेकाळी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून तीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. लग्नं ठरल्याचे, माणसं गेल्याचे, नोकऱ्या लागल्याचे. घरी मात्र त्या मोजकंच बोलत. माझा नवरा नितीन म्हणाला, "आईला नको सांगू यार हे. उगाच टेन्शन घेईल. वॉकला जाते म्हण ना."

मीही म्हटलं. स्पोर्ट्स शूज घालून रोज सकाळी सातला मी घराबाहेर पडायला लागले.

"चालायला गाडीनं काहून जाते?" तिसऱ्याच दिवशी आईंनी विचारलं.

"ट्रेलपाशी पार्किंग आहे ना, आई."

गुडघा धरला नसता तर त्या तेव्हाच माझ्याबरोबर निघाल्या असत्या. जुलैत एकदा पोळी भाजता भाजता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "रोज चालून राहिली तू. एक किलो तरी उतरायला पाहिजे होतं बाप्पा." आमची रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. ती इतकी हसली की दूध नाकातून आलं.

मग ऑगस्ट आला. बाईंनी महिनाभर आधीच सांगितलं होतं की लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, त्या नसतील. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, सुट्टीबद्दल काय वाटतं? काहीच नाही, मी म्हटलं. उलट सकाळची झोप मिळेल. इतकं काही वाटत नव्हतं की गाडीची किल्ली मी कोचावरच विसरले आणि परत जाऊन दार वाजवावं लागलं. बाईंनी हसून किल्ली दिली. घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं की सप्टेंबरात जायचंच नाही. त्यांना माझ्यावाचून चालतं, तर मलाही त्यांच्यावाचून चालेल. किती शिकलेली, किती वर्षांची बाई मी, आणि राग मात्र आई बाजारात गेली म्हणून उंबऱ्यात बसलेल्या पोरीचा.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. बाई सुट्टीवर गेल्या होत्या, पण माझं खोटं सुट्टीवर जाऊ शकत नव्हतं. एकाएकी वॉक बंद केला तर आई विचारणार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नेहमीसारखी शूज घालून निघाले, आणि जायला कुठेच नव्हतं. मग खरोखरच ट्रेलवर गेले. गाडी लावली. गंमत म्हणजे तिथे खरंच पार्किंग होतं.

सिॲटलकडचा ऑगस्ट ज्याने पाहिला नाही त्याला या गावाची बदनामीच माहीत असते. नऊ महिने आभाळ गळत असतं हे खरं, पण ऑगस्टमध्ये ते असं काही निळं होतं की इतके दिवस सगळा पाऊस त्यासाठीच माफ केला होता असं वाटतं. नदीवर पातळ वाफ. काठावर बदकं. आणि दोन्ही बाजूंनी माणसाहून उंच ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, ऊन लागलं की मुरंब्याचा वास सोडणारी. मी तिथे दोन दिवस एकटी फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर आई दारात उभ्या. नऊवारीवर स्वेटर घालावा तशी तयारी नव्हती, पण जवळपास तशीच: फिकट जांभळी सुती साडी, वर नितीनचं जाकीट, पायात माझेच जुने स्नीकर्स, आणि हातात श्रीखंडाचा रिकामा डबा.

"गुडघा बरा झाला माझा," त्या म्हणाल्या. "चल."

हीच गोष्ट जुलैत झाली असती तर माझं काय झालं असतं, या विचाराने मला गाडी चालवताना इतकं हसू फुटलं की आईंनी दोनदा विचारलं, काय झालं.

त्या चालायला आल्या आणि चालायचं राहून गेलं. पहिल्या जाळीपाशीच त्या थांबल्या. "रानात टेंभरं वेचायला जात होतो आम्ही अशी, लहानपणी," म्हणाल्या आणि पदर खोचला. दोन दिवसांत त्यांना या फळाची सगळी खोड समजली. लालसर असतं ते कच्चं. काळं चकचकीत दिसतं तेही फसवं, आंबटच निघतं. ज्याची चकाकी गेलेली असते, थोडं मळकट दिसतं आणि बोट लावताच हातात येतं, तेच गोड. ओढावं लागलं तर सोडून द्यायचं, उद्या यायचं. पुढे शिकत असताना माझ्या एका शिक्षकांनी मला पुष्कळ तास खर्चून हेच सांगितलं: माणसाला ओढू नकोस. मी मान डोलावत होते आणि मला आईंची जांभळी बोटं दिसत होती.

मागून सायकलवाले ओरडत, "ऑन युअर लेफ्ट!" की आई इमानेइतबारे डावीकडे सरकत, म्हणजे नेमक्या सायकलीसमोर. "उजवीकडे व्हा, आई! तो डावीकडून येतोय!" मी ओरडायची. "मग तसं सांगावं ना बाप्पा त्यानं," त्या म्हणत. शेवटी एक दाढीवाला गृहस्थ रोज त्यांना दुरूनच हात करून, सायकलवरून उतरून, चालत पुढे जायला लागला. त्यालाही एक दिवस त्यांनी ओंजळभर फळं दिली.

आठवड्याभरात आई बोलायला लागल्या. त्यांचं तोंड जाळीकडे, मी मागे डबा धरून उभी. मी त्यांना दिसत नव्हते, त्या मला पाठमोऱ्या दिसत होत्या. फळ तोडावं, डब्यात टाकावं आणि एक वाक्य बोलावं. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी. दुपारची पाळी, कूलरचा वाळ्याचा वास. एका माणसाने बायकोला रोज रात्री पुण्याला लावलेला तीन मिनिटांचा कॉल, ज्यात तो फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारायचा. त्या सांगायच्या आणि मध्येच गप्प व्हायच्या. पूर्वीची मी ती शांतता लगेच बुजवून टाकली असती. पण दहा महिने कोचावर पडून एवढं तर समजलं होतं की गप्प बसलेल्या माणसाला आपण गप्प बसून सोबत करू शकतो. मी डबा धरून उभी राहायची. काटे साडीत अडकायचे ते सोडवून द्यायची.

एक दिवस त्या म्हणाल्या, "मला सुपरवायझरच्या बढतीची ऑर्डर आली होती. जबलपूरची. नितीन तेव्हा तान्हा होता."

"मग?"

"मग काय. नाही म्हणून लिहून दिलं. घरचे कुठं पाठवतात. त्या घरानं मला पुढं जाऊ दिलं नाही, अनघा. मनातून रागच होता मला. तुझ्या सासऱ्यांवर, माझ्या सासूवर, साऱ्यांवर. जेवायला वाढायची तरी राग वाढून राहिली असं वाटायचं."

मी त्यांच्या पदरात अडकलेला एक काटा सोडवला. मग विचारलं, "त्यांनी काय म्हटलं, ऑर्डर बघून?"

आईंचा हात काट्यांत तसाच राहिला. नदीपलीकडे कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे वळल्या. तोंडावर असं आश्चर्य मी त्यांच्या कधी पाहिलं नव्हतं.

"दाखवलीच नाही ना मी," त्या म्हणाल्या. "पर्समध्येच होती. विचारलंच नाही ग मी कोणाला! आणि चाळीस वर्षं रागावून बसली."

आणि त्या हसायला लागल्या. मलाही आवरेना. रस्त्यात उभ्या राहून आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग आईंच्या डोळ्यांत हसण्याचं नसलेलंही थोडं पाणी आलं. "ते हो म्हणाले असते कदाचित," त्या गाडीत बसताना म्हणाल्या. सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी मात्र सातला दहा कमी असतानाच त्या स्नीकर्स घालून दारात होत्या.

त्या महिन्यात आमच्या घराला नुसता वेलदोड्याचा वास होता. आई गूळ-वेलदोडा घालून ब्लॅकबेरीचा मुरंबा करत. पोळी, धिरडं, ब्रेड, काहीही त्याच्याबरोबर चाले. "आजी, धिस इज सो गुड!" म्हणत रेवा चमचा चाटायची. माझी बोटं ऑफिसच्या कीबोर्डवर जांभळी दिसायची. एक दिवस पार्किंगमध्ये गाडीतून उतरून लिफ्टपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की आपण किती तरी दिवसांत गाडीत बसून राहिलो नाही. मी आनंदात होते. हे असं सरळ लिहायलाही छान वाटतं.

आणि म्हणूनच घाबरले होते. लेबर डे जवळ येत होता. बाई परत येणार होत्या आणि त्यांचा तास आणि आईंचा तास एकच होता. बाईंवरचा राग एव्हाना उतरला होता. मला परत जायचं होतं, जे सापडायला लागलं होतं ते सोडायचं नव्हतं. पण जायचं तर आईंना सांगायला हवं. सांगितलं तर सुनेच्या डोक्यात बिघाड आहे, आपल्यापासून लपवलंय, हे दोन्ही त्यांना एकदमच कळणार. हा सगळा महिना त्यांना खोटा वाटला तर? सोपा मार्ग एकच होता. बाईंकडे जाणं बंद करायचं, आणि कुणाला काही कळलंच नाही. मी तीन दिवस त्या सोप्या मार्गावर फेऱ्या मारल्या. पण पर्समधली ऑर्डर काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

लेबर डेच्या सकाळी जाळीपाशी उभी राहून मी म्हटलं, "आई, उद्यापासून मी नाही येणार. मी सकाळी एका बाईंकडे जाते. मनाच्या डॉक्टर आहेत. ऑक्टोबरपासून जाते. वॉकला कधी जातच नव्हते."

त्यांनी फळ तोडलं. डब्यात न टाकता हातातच ठेवलं.

"तरीच वजन उतरून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. मग जाळीकडे बघत, "माझ्याबद्दल बोलते तिथं?"

"बोलते."

"वाईट?"

"वाईटही."

त्यांनी ते फळ तोंडात टाकलं, सावकाश खाल्लं. "बोल. चांगलं तर लोकं तोंडावरच सांगतात," म्हणाल्या. आणि डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी निघाले तेव्हा त्या देवापाशी बसल्या होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कोचावर पडून मी पहिलं वाक्य बोलले ते आईंबद्दल. पुढचे दोन आठवडेही तेच. त्या माझ्याशी नीट वागत होत्या, पोळ्या गरम वाढत होत्या, पण त्यांच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

पुढे माझ्या अभ्यासात वाचलं की या शास्त्राच्या अगदी सुरुवातीला युरोपातल्या काही बायका आजारी म्हणून आल्या, कोचावर पडून बोलल्या आणि कालांतराने उशामागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. विश्लेषक व्हायचं तर आधी रुग्ण व्हावंच लागतं, असा आजही नियम आहे. त्या बायकांबद्दल वाचताना मला नेहमी वाटतं, घरी त्यांनी काय सांगितलं असेल? कुठे जाते म्हणून सांगून त्या बाहेर पडत असतील? त्यांना ओळखणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ते पहिल्यांदा कुणी उच्चारलं असेल?

माझ्या बाबतीत ते घडलं गणपतीत. इथल्या मराठी मंडळाचा उत्सव बेलव्ह्यूच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. ढोल, अत्तरं, इस्त्रीच्या घड्या पडलेल्या पैठण्या, आणि जेवणाच्या टेबलापाशी आम्ही दहा-बारा जणी वाढायला. मसालेभात वाढता वाढता माझी मैत्रीण मीनल म्हणाली, "काय ग, एकदम फ्रेश दिसतेयस! जिम जॉइन केलीस का?"

"नाही ग, वॉक," माझ्या तोंडून सवयीने गेलं.

"वॉक नाही," शेजारी कोशिंबीर वाढणाऱ्या आई म्हणाल्या. ट्रंक कॉलच्या सवयीचा, लांबवर ऐकू जाणारा आवाज. "मनाच्या डॉक्टरकडे जाते ती. आठवड्यातून चार दिवस."

सगळ्यांचे डाव हवेत थांबले. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"सगळं ठीक आहे ना, काकू?" मीनलने हळूच विचारलं.

"ठीक नाही तर काय? बोलायला जाते. मलाही बोलायचं होतं, मी चाळीस वर्षं थांबली. मग या पोरीनं महिनाभर काट्यांत उभं राहून माझं ऐकलं. एकदाही मधात तोंड नाही घातलं. मी तीस वर्षं फोन जोडले, बोलणारे लाख पाहिले. ऐकणारी ही पहिली." त्यांनी पुढच्या ताटात चमचाभर कोशिंबीर वाढली. "आता ही पण तेच शिकणार आहे. डॉक्टर होणार आहे तसलीच."

मी हे कुणाला बोलले नव्हते. बाईंना नाही, नितीनला नाही, मला स्वतःलासुद्धा नाही. पण ते ऐकलं आणि तेच खरं आहे हे मला तिथल्या तिथे, मसालेभाताचा डाव हातात असताना, कळलं.

रांग पुढे सरकली. गोडाच्या टेबलापाशी मीनल माझ्या मागे येऊन कुजबुजली, "ए, त्या डॉक्टरांचा नंबर देशील? माझ्या बहिणीला हवाय." मीनलला बहीण नव्हती. मी नंबर दिला. आरती होईपर्यंत आणखी दोघींच्या बहिणींना तो हवा होता.

गाडीत बसल्यावर मी आईंना म्हटलं, "शिकणार म्हणून कशाला सांगितलंत सगळ्यांना? मी अजून कुणाला विचारलंसुद्धा नाही."

"माहीत आहे," त्या सीटबेल्ट लावत म्हणाल्या. "म्हणूनच मी विचारून टाकलं. कोणी नाही म्हटलं का?"

नितीन पुढे बसून गाडी चालवत होता. त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. आणि रेवासकट कुणीच नाही म्हटलं नाही.